नानांचं दुसरं तिकीट

नाना एसटीत दोन तिकिटं काढत. एक स्वतःचं आणि एक शेजारच्या रिकाम्या जागेचं.

दर शनिवारी जळगावहून धुळ्याला, सोमवारी सकाळी परत. कंडक्टर विचारायचा, "दुसरं कोण?" नाना म्हणायचे, "कोणीच नाही. म्हणून तर काढलं." एरंडोलला गर्दी चढली की खरी मजा. एकदा एक बाई कडेवर पोर घेऊन त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. नाना ताबडतोब उठले, तिला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि स्वतः दांडा धरून धुळ्यापर्यंत उभे राहिले. शेजारची जागा तशीच रिकामी. त्या बाईनं तिथं पिशवी ठेवली, तर नानांनी ती उचलून वरच्या रॅकवर सरकवली. "तिथं काही ठेवू नका, ताई. ती रिकामी राहण्यासाठीच शे."

माझं माहेर धुळ्याचं; तिकडं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणतात. त्या दिवशी मी त्याच गाडीत मागच्या बाकावर पदर तोंडात कोंबून हसत होते. सोमवारी जळगावला, आम्ही दोघं कामाला होतो त्या कारखान्यात, मी हा सगळा प्रसंग नकलेसह करून दाखवला. कंडक्टर, ती बाई, पोर, पिशवी, सगळे आवाज काढून. नाना दारात येऊन उभे होते हे मला शेवटी दिसलं. ते म्हणाले, "पोराचा आवाज थोडा बारीक होता," आणि आपल्या टेबलाकडे गेले.

तेव्हा मी चाळिशीला टेकलेली होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पिंप्राळ्याहून स्कूटीवर यायचे. गॉगल डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त असायचा. संगणकाचा कोर्स केलेली आमच्या घरातली मी पहिली, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितल्याशिवाय चहा देत नसे. आज माझी नात मला मोबाईल शिकवायला बसते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच भाव असतो. मी तिला काही म्हणत नाही. माझी लाज मला पुरेशी आहे.

कारखाना छोटाच होता. केळी पिकवण्याच्या बंद खोल्यांसाठी, म्हणजे चेंबरसाठी, आम्ही नियंत्रणाच्या पेट्या बनवायचो. हिरवी केळी चेंबरमध्ये भरायची, दार लावायचं, आतला गारवा आणि पिकवणारा वायू ही पेटी सांभाळणार. केळी कच्ची असली तरी जिवंत असतात, स्वतःची ऊब सोडत राहतात. गारवा वेळेवर सुरू झाला नाही तर ती आतल्या आत उकडतात. प्रत्येक पेटीत एक चिमुकला संगणक. त्याच्या स्क्रीनवर काय दिसायचं ते मी लिहायचे. त्याच्या खाली, सगळ्याच्या मुळाशी, जो कर्नल असतो तो नाना बांधायचे. सगळे प्रोग्रॅम या कर्नलच्या तोंडाकडे बघून चालतात. कोणाला मेमरीत किती जागा, कोणी कुठं लिहायचं, कोणी कुठं पाऊल ठेवायचं नाही, सगळं तो ठरवतो.

आणि नानांचा कर्नल फार कडक होता.

नव्या पेटीचा कर्नल बांधायचा म्हणजे आधी शेकडो सेटिंग्जना हो किंवा नाही म्हणायचं. दुसरा माणूस दुपारच्या जेवणाआधी ते उरकेल. नानांना आठवडे लागायचे. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायचे, खिडकीबाहेर बघायचे, मान हलवायचे, मग 'हो' करायचे, चहा पिऊन आले की त्याचं 'नाही' करायचे. मेमरीच्या रक्षणाची सेटिंग्ज आली की तर चपला काढून बसायचे.

पुढंपुढं माझ्या लक्षात आलं की त्या माणसाचं सगळं जगणंच त्या सेटिंग्जवर चाललेलं आहे.

त्यांचा एक नियम होता: मेमरीत ज्या जागेवर लिहिता येतं तिथला मजकूर हुकूम म्हणून चालवायचा नाही, आणि जिथले हुकूम चालतात तिथं कोणाला लिहू द्यायचं नाही. नाहीतर कोणीही येईल, काहीही लिहील आणि यंत्र ते निमूट पाळेल. आता हा नियम पेटीपुरता ठेवावा की नाही? नाना वरण-बट्टी खाताना बट्टी वरणात चुरत नसत. आधी कोरडी बट्टी, मग नुसतं वरण. आमच्या खानदेशात हे बघणंसुद्धा अवघड. सोबत जेवायला बसलेल्यांचा घास अडायचा.

दुसरा नियम: यंत्र दर वेळी सुरू झालं की आतल्या सगळ्यांचे पत्ते बदलायचे, म्हणजे वाईट हेतूनं आलेल्याला कोण कुठं राहतं ते कळत नाही. म्हणून नाना खोलीची किल्ली रोज नव्या जागी ठेवत. चोर कधी आलाच नाही. नाना मात्र निम्म्या वेळा भाऊंच्या ऑफिसातल्या बाकावर झोपलेले सापडत. भाऊ म्हणजे आमचे मालक.

आणि तिसरा, एसटीतला. कोणालाही मेमरीत जागा दिली की तिच्यापुढं थोडी जागा रिकामी ठेवायची, जिथं पाऊल टाकायला सगळ्यांनाच बंदी. कोणाचं लिहिणं आपल्या जागेबाहेर सांडलं तर ते शेजाऱ्याच्या अंगावर न पडता त्या रिकाम्या जागेवर पडतं आणि कर्नल जागच्या जागी पकडतो. "शेजारी चांगला असला तरी मधे रिकामी जागा पाहिजे, मॅडम," नाना मला सांगत. "माणूस सांडतोच." त्यांच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामी खुर्ची असे. पाहुणे आले तरी ते तिच्यावर कोणाला बसू देत नसत.

आता खरा वादाचा मुद्दा. असं काही सांडलं आणि कर्नलच्या स्वतःच्या जागेतच गडबड झाली, तर पुढं काय करायचं? तिथं एक सेटिंग असतं. एक पर्याय असा की झालेलं नोंदवायचं, ज्यानं गोंधळ घातला त्याला बंद करायचं आणि बाकी यंत्र चालू ठेवायचं. दुसरा पर्याय असा की सगळं तिथल्या तिथं थांबवायचं. आमची पेटी थांबली की पंखे आपोआप सुरू होत, वायू बंद होई आणि भोंगा वाजे. नाना थांबण्याच्या बाजूचे. भाऊ चालत राहण्याच्या. कारण भोंगा वाजला की गिऱ्हाईक फोन करायचं, आणि तो फोन भाऊंना यायचा.

"नाना, दोन मिनिटं चाललं असतं तर काय बिघडलं असतं?"

"भाऊ, आत काय मोडलं ते माहीत नाही अन् वरून म्हणायचं बठ्ठं ठीक शे? असं यंत्र मी गिऱ्हाइकाच्या घरी नाही पाठवणार."

मला त्या वेळी आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नानांनी मला कर्नलच्या कामात घ्यावं. पगार तोच राहिला असता. पण स्क्रीनवर आकडे दाखवणारी बाई आणि कर्नल लिहिणारी बाई यांत केवढं अंतर आहे ते मला कळत होतं. मी वर्षभर त्यांच्या मागं लागले. त्यांच्यासाठी माहेरून कळण्याच्या भाकरी आणल्या, ठेचा वेगळ्या डब्यात, एकमेकांना लागू न देता. शेवटी एक दिवस ते म्हणाले, स्क्रीनवर मजकूर सरकवणारा जो छोटा तुकडा कर्नलमध्ये बसवावा लागतो, तो तुम्ही लिहा. आणि आमच्या दोघांच्या टेबलांमधली खुर्ची उचलून त्यांनी भिंतीला लावली.

मी त्या दिवशी पेढे वाटले. कशाचे ते कोणालाच कळलं नाही.

मग रावेरचं काम आलं. एका मोठ्या सेठचं नवं चेंबर. पणजोबा राजस्थानातून आलेले, आता केळीच्या व्यापारात त्यांचं नाव वजनदार. सेठनी एकच अट घातली, "मॅडम, मशीन बंद नाही पडली पायजे. बाकी तुम्ही जाणा." पहिलंच चेंबर, ते पसंत पडलं तर पुढची सगळी आमच्याकडं.

पूजेच्या दिवशी दार लावायचं ठरलं. माझ्या डोक्यात एक कल्पना निघाली, आणि त्या वयात माझ्या डोक्यातून निघालेली प्रत्येक कल्पना मला थोरच वाटायची. पेटी सुरू झाली की स्क्रीनवर सेठच्या पेढीचं नाव सरकत यावं. आधी 'श्री', मग पणजोबांचं नाव, आजोबांचं नाव, वडिलांचं, सेठचं, मग 'आणि पुत्र', मग 'शुभ लाभ', शेवटी 'हार्दिक स्वागत'. सगळं देवनागरीत. मी अक्षरं बोटावर मोजली. माझ्या तुकड्यात जेवढी जागा होती त्यात बसत होती.

यंत्र काही आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. आपलं एक देवनागरी अक्षर इंग्रजीतल्या तीन अक्षरांची जागा खातं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. त्या दिवशी मी बहुधा गॉगल घ्यायला गेले असेन.

कारखान्यात चाचणी घेतली. पणजोबा आले, आजोबा आले, वडील आले, सेठचं नाव येताच पेटी थांबली. भोंगा. पुन्हा सुरू केली, पुन्हा सेठच्या नावापाशी भोंगा. कर्नल सांगत होता की बाई, तुझं सांडतंय. मी भाऊंना सांगितलं की नानांच्या कर्नलला देवनागरीचं वावडं आहे. हे वाक्य मी ऑफिसात उभं राहून, चार माणसांत म्हटलं. आजही आठवलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडते.

नाना त्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी धुळ्याला होते. फोन करावा असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं होतं, पण मग ते म्हणाले असते, आधी बघू कुठं सांडतंय. थांबायचं की चालत राहायचं, हे सेटिंग नानांनी चाचण्यांसाठी उघडं ठेवलं होतं. चालू पेटीतही एका ओळीच्या हुकमानं बदलता यायचं. मी ती ओळ लिहिली. पेटी सुरू केली. पणजोबा, आजोबा, वडील, आणि सेठचं नाव येऊन स्क्रीन सरकायची थांबली. भोंगा नाही, काही नाही. खाली तापमान अठरा. मला वाटलं, जमलं!

रावेरला पूजा झाली. मी पैठणी नेसले होते, आणि सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं होतं, सुनेचा मान बघायला. नारळ फुटला, दार लागलं, पेटी सुरू झाली, आणि नाव पुन्हा बरोबर सेठपाशी येऊन थांबलं. सेठना वाटलं की मुद्दाम त्यांच्या नावावर थांबवलंय. हात जोडून उभे राहिले. "क्या बात है, मॅडम." मी नम्रपणे हसले. त्या हसण्याचा फोटो अजून आहे. मी तो कोणाला दाखवत नाही.

केळी पिकेपर्यंत मी रोज सकाळी रावेरला फोन करायचे. सेठचा माणूस स्क्रीन बघून सांगायचा, "अठरा." दुसऱ्या दिवशी "अठरा." मी ऑफिसात मोठ्यानं म्हणायचे, "बघा भाऊ, सुई हलत नाही!"

दार उघडायच्या दिवशी सगळे पुन्हा जमले. फोटोवाला, सेठ, भाऊ, सासूबाई, मी दुसऱ्या पैठणीत. नाना धुळ्याहून परस्पर आले होते. ते स्क्रीनसमोर उभे राहिले आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे अठरा केव्हापासून शे?"

"पहिल्या दिवसापासून," मी फोटोवाल्याकडं तोंड ठेवून म्हटलं.

"मधे कधी साडेसतरा?"

"नाही."

"सव्वाअठरा?"

"नाना, सांगते ना, एकदासुद्धा हललं नाही!"

नाना शेजारच्या क्रेटवर बसले. तिथं आधीच एक हमाल बसला होता. मधे जागा न सोडता बसले. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

दार उघडलं आणि वास आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवामागं येतो तसा. सेठनी एक घड उचलला, दांडा हातात आला आणि केळी खाली राहिली. माझा तुकडा रिकाम्या जागेवर सांडला तेव्हाच कर्नलनं त्याला बंद केलं होतं. पण तापमान वाचणाऱ्या प्रोग्रॅमची वाट माझ्या तुकड्यानं अडवून धरलेली होती, ती तशीच अडलेली राहिली. स्क्रीनवर शेवटचा आकडा गोठला. त्या अठरावर विसंबून पेटीनं गारवा पुन्हा सुरूच केला नाही. आत एवढं सगळं झालं आणि बाहेरून बठ्ठं ठीक होतं. मीच तसा हुकूम दिला होता.

सासूबाई म्हणाल्या, "शिकरण झालं की गं याचं."

सेठनी स्क्रीनकडं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नाव मात्र अजून बराबर आहे, मॅडम."

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या ऑफिसात आम्ही चौघं बसलो. सेठ, भाऊ, नाना आणि मी. मी लपवाछपवी केली नाही. लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं! मी म्हटलं, "सेठ, नाना गावाला होते. सेटिंग मी बदललं. मजकूरही माझाच सांडला."

"मॅडमचं काही नाही, सेठ," नाना म्हणाले. "लिहिणारा चुकीचं लिहिणारच. हात पोचेल तिथं हुकूम असला तर तो देणारच. हे धरूनच कर्नल बांधायचा असतो. ते सेटिंग मी उघडं ठेवलं. चूक माझी."

"पण नाना, मला माहीत होतं की ते कशासाठी..."

"तुम्ही करणारच होत्या." आवाजात राग नव्हता. "उंदरानं पोतं कुरतडलं तर आपण उंदराला मेमो देतो का? पोतं कुठं ठेवलं ते बघतो."

भाऊंना हसू आलं. सेठनाही आलं, आणि बहुतेक त्या हसण्यावरच आमचं काम वाचलं. मला एकटीला हसू आलं नाही. नानांनी मला वाचवलं असं भाऊ पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिले. मला मात्र कळलं होतं की नानांनी मला वाचवलेलं नाही. त्यांनी मला हिशेबातच धरलं नाही. चूक त्याची असते ज्याच्याकडून बरोबर वागण्याची अपेक्षा असते. तेवढीही जागा माझ्यासाठी उरली नव्हती.

नानांनी माझा तुकडा काढून स्वतः नव्यानं लिहिला. थांबण्याचं सेटिंग बांधतानाच पक्कं केलं, पुन्हा कोणाला बदलता येणार नाही असं. आणि भिंतीला लावलेली खुर्ची उचलून आमच्या टेबलांमध्ये परत आणून ठेवली. अगदी सहज. खिडकी लावावी तशी.

पुढची सगळी वर्षं ती खुर्ची तिथं होती. नाना माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. भाकरी खात. माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका प्रेमानं दाखवत. मी एकदा न राहवून म्हटलं, "नाना, मला एकदा चांगलं झापा तरी."

ते खरोखर गोंधळले. "कशाबद्दल?"

मी त्यांच्या नकला करणं सोडून दिलं. लोक म्हणत, करा ना ती एसटीची. मी म्हणायचे, घसा बसलाय.

नाना निवृत्त झाले, मग मीही. केस पांढरे झाले, गॉगलची जागा मोतीबिंदूनंतरच्या काळ्या चष्म्यानं घेतली, आणि मला वाटलं हे सगळं संपलं. तर परवा धुळ्याहून फोन.

"मॅडम, भाऊंनी नवी पेटी काढली. कर्नल नवा. सेटिंग्ज परत भरायची शेत. या."

मी एसटीनं गेले. धुळ्यातल्या देवपूरला त्यांची एकच खोली. दाराशी दहा मिनिटं उभी, कारण आतून लावलेल्या कुलपाची किल्ली नानांना सापडत नव्हती. आत गेले तर टेबलावर संगणक, त्यांची खुर्ची, शेजारची रिकामी खुर्ची, आणि पलीकडं माझ्यासाठी स्टूल. मी मुकाट्यानं स्टुलाकडं निघाले.

"तिथं कुठं?" नाना म्हणाले. "मला आता बारीक दिसत नाही. इथं बसा." आणि त्यांनी रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

मी काळा चष्मा काढून ठेवला आणि बसले.

प्रश्न मी मोठ्यानं वाचायचे, नाना खिडकीबाहेर बघायचे. हो, नाही, हो. दुपारी वरण-बट्टी झाली, वेगवेगळी. मग तो प्रश्न आला. कर्नलमध्ये गडबड झाली तर थांबायचं की चालत राहायचं? आणि त्याच्याच खाली, हे पुढं बदलू द्यायचं की नाही? मी नानांकडं पाहिलं.

"नाना?"

"तुम्ही सांगा."

मी आधी त्यांच्याकडं, मग स्क्रीनकडं पाहिलं. "थांबायचं. आणि बदलू द्यायचं नाही. कोणालाच."

"का?"

"कारण ती पैठणी नेसून येणारी बाई मला चांगली माहीत आहे," मी म्हटलं. "ती येणारच. तिच्या हातात हे द्यायचं नाही."

नाना जोरात हसले. मी एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग थांबले, आणि ऑफिसातलं सगळं बोलणं सोडून आमच्या धुळ्याच्या बोलीत म्हणाले, "भर मंग. पन ध्यान ठेव, अक्का. हाई चुकनं, ते चूक तुन्ही व्हई."

हे चुकलं, तर चूक माझी! माझे कान तापले. एवढ्या वयात, दोन नातवंडांची आजी, मी शाळेतल्या पोरीसारखी खाली मान घालून बसले. बोट बटणावर होतं, दाबवेना. शेवटी रावेरच्या चुकीचं विचारलंच.

"नाना, अन् रावेरनी?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रिकामी खुर्ची नव्हती मधे, त्यामुळं त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

"ती बी तुन्हीच व्हती," नाना म्हणाले.